गोझोसाठी चौथा

“तिघांनी जायचं नाय,” यशवंतमामा म्हणाले आणि बोटीच्या वेळा लिहिलेला कागद त्यांनी टेबलावर पालथा घातला. “चौथा बघा कोणतरी. नायतर बेत रद्द.”

मी आणि रमाकांत शिवलकर एकमेकांकडे बघत राहिलो. दीड तास आम्ही तिघं जहाजाच्या मेसमध्ये बसून रविवारचा बेत आखत होतो. सकाळी सातची बस, माल्टाच्या पार टोकापर्यंत. तिथून बोटीनं अर्ध्या तासात गोझो बेट. वर चर्चपाशी जाऊन नारळ फोडायचा, खाली येऊन दर्यावर जेवायचं, संध्याकाळच्या बोटीनं परत. सगळं जमत आलं होतं, आणि मग मामांनी माणसं मोजली.

ही गोष्ट १९८३ सालची. यशवंत भाटकर आमच्या जहाजाचे सारंग, म्हणजे आम्हा खलाशांचे मुकादम. माझ्याच गावचे, आईकडून लांबचे मामा लागत. मला जहाजावर चिकटवलं ते त्यांनीच, त्यामुळे त्यांच्यापुढे माझी मान कधी वर झाली नाही. आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलोय, तरी त्यांचं नाव घेताना पाय आपोआप जवळ येतात.

सिसिलीच्या खाली आम्हाला वादळानं गाठलं होतं. सुकाणू तुटलं, दोन दिवस जहाज लाटांवर ओंडक्यासारखं लोळत होतं. तेव्हा मामांनी दोराला धरून नवस बोलला, की जो किनारा लागेल त्या किनाऱ्यावरच्या देवाला नारळ देईन. किनारा लागला माल्टाचा. दुरुस्तीला दोन महिने लागणार म्हणून बहुतेक खलाशांना विमानानं घरी धाडलं. जहाजावर राहिलो आम्ही सातजण. आणि मामांना नवसाला देव सापडेना. शेवटी गोदीतल्या झेप्पी नावाच्या वेल्डरनं सांगितलं, की गोझो बेटावर एक चर्च आहे. वादळातून वाचलेले खलाशी आपल्या जहाजाचं चित्र काढून तिथं भिंतीवर लावतात. मामा म्हणाले, हाच आपला.

नवसाला, लग्नाच्या बोलणीला तिघांनी निघू नये, हे आमच्याकडे सगळेच मानतात. तिघंच असले तर एकानं खिशात सुपारी टाकायची, ती चौथी. मामा ते जास्तच मानायचे, आणि त्यांना हसायची कुणाची छाती नव्हती. त्यांचे वडील आणि दोन चुलते एका होडीतून गेले होते ते आलेच नाहीत.

“मग घ्या की सुपारी खिशात,” रमाकांत म्हणाला.

“सुपारी पोर्ट सैदलाच संपली माझी.”

“खडा घ्या.”

“दर्यावर धोंडा घेऊन जायचा? तुझा आजा गेला होता असा?”

 मग आम्ही बोटं मोजली. दोघे साहेब, त्यांना कोण नवसाला घेऊन जाणार. फर्नांडिस, आमचा गोव्याचा स्वयंपाकी, त्याला रविवारी साहेबांचं जेवण चुकत नव्हतं. राहता राहिला शांताराम मर्चंडे.

शांताराम जहाजावर टोपास होता. संडास, न्हाणीघरं, गटारं धुणाऱ्या माणसाला आमच्यात टोपास म्हणत. चिपळूणकडचा, चौतिशीचा, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, तरी मी त्याला अरेतुरे करायचो आणि तो मला ‘विलणकर, तुम्ही’ म्हणायचा. मेसमध्ये टेबल एकच होतं, पण तो स्वयंपाकघराच्या दाराशी उपड्या खोक्यावर बसून आपल्या वेगळ्या ताटात जेवायचा. तिथं बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ऊठ असंही कुणी सांगितलं नव्हतं. अकरा महिने असेच गेले होते.

“सुपारीच्या जागी टोपास,” रमाकांत हसला. “बोलत नाय, कुरकुरत नाय. खिशात मावत नाय एवढंच.”

मामांनी थोडा विचार केला. “चालेल. माणूस तर हाय. जना, तू सांग त्याला. सुपारीचं बोलू नको काय.”

मीही हसलो होतो तेव्हा. ते मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल की मी पहिल्यापासून चांगला होतो.

शांताराम मागच्या डेकवर बादल्या पालथ्या घालत होता. मी म्हटलं, “रविवारी काय करतोस?”

“काय काम आहे?”

“काम नाही रे. गोझोला चाललोय आम्ही, रमाकांत पण आहे. तू पण चल.”

त्यानं हात पुसले. आधी एक, मग दुसरा. “सामान आहे का उचलायला?”

“सामान कसलं? फिरायला.”

“सारंग येणार आहेत ना?”

“त्यांनीच तुझं नाव घेतलं.”

यात खोटं काही नव्हतं, आणि खरंही काही नव्हतं. त्याचा विश्वास बसेना. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, कुठं थट्टा दिसते का ते. मग म्हणाला, “तुमच्याकडे कॅमेरा आहे ना?”

“आहे.”

“चौघांचा एक फोटो काढाल? बोटीवर? पैसे देईन मी.”

“पैसे कसले देतोस. पण कशाला?”

त्यानं सांगितलं ते खाली बघत सांगितलं. त्याचा थोरला भाऊ रघुनाथ गावात मास्तर होता. शांताराम जहाजावर लागला तेव्हा तो चार माणसांत म्हणाला होता, आजानं गावाची घाण काढली, हा जहाजाची काढणार, मधे फक्त पाणी आलं. शांतारामनं रागानं सांगून टाकलं होतं की मी सारंगाच्या माणसांत आहे, त्यांच्यातच उठतो-बसतो. आता करार संपून घरी जायची वेळ आली होती आणि दाखवायला काही नव्हतं.

“फोटोत चौघं सारखे दिसतात,” तो म्हणाला. “कोण काय धुतो ते दिसत नाही.”

 मी म्हटलं, “काढतो. नक्की काढतो.” आणि सटकलो.

आम्हाला वाटलं होतं, रविवारी सकाळी तो मुकाट मागून चालेल आणि संध्याकाळी मुकाट परत येईल. पण दुसऱ्या दिवशी चार वाजता चहाच्या वेळी तो मेसच्या दारात येऊन उभा राहिला. हातात वहीचा कागद.

“मामा,” त्यानं पहिल्यांदाच सारंगांना मामा म्हटलं, “तुम्ही सातची बस धरलीत ना? रविवारी सातची नसते. झेप्पीला विचारलं मी. साडेसहाची धरायला लागेल, नाहीतर पहिली बोट चुकेल.”

मामांनी चष्मा लावला. कागदावर बसचा नंबर, थांबे, बोटीच्या जायच्या-यायच्या वेळा, धक्क्यापासून चर्चपर्यंतची वाट, सगळं नीट रेघा मारून लिहिलं होतं. कुठं पाणी प्यायला मिळेल तेसुद्धा. अकरा महिने ज्याच्याशी आम्ही धड बोललो नव्हतो तो गोदीतल्या माणसांशी बोलून बोलून त्यांची मोडकी भाषा शिकला होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

“बस,” मामा म्हणाले. तेवढंच. आणि शांताराम टेबलाशी बसला.

फर्नांडिसनं न विचारता त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला. आमच्यातलाच. रमाकांतनं माझ्याकडे बघितलं, मी कागदाकडे बघितलं. चहा पिऊन झाला.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार. तीन दिवस रोज चारला आम्ही चौघं तिथं बसलो. जेवण काय न्यायचं यावर रमाकांतचं आणि त्याचं चांगलं वाजलं. रमाकांतला चपात्या आणि बटाट्याची भाजी हवी होती. शांताराम म्हणाला, तिथं दर्यावर ताजी मासळी भाजून देतात, भाजी काय न्यायची, जहाजावर खातोच आहोत. मामा मासळीच्या बाजूनं गेले. मग पाऊस आला तर काय, चर्चमध्ये नारळ फोडू देतील का, न दिलं तर बाहेर पायरीवर फोडायचा का, हे सगळं झालं. शांताराम म्हणाला, “आधी विचारू नका. फोडायचा आणि मग माफी मागायची.” मामा हसले. मामांना हसवणं ही काय साधी गोष्ट नव्हती.

नारळही त्यानंच आणला. वलेट्टा शहराच्या बाजारात कुठल्या कोपऱ्यात नारळ मिळतो हे आम्ही सहा आठवड्यांत शोधू शकलो नव्हतो. त्यानं तो कानाशी हलवून पाणी वाजवून दाखवलं आणि मामांच्या पुढ्यात ठेवला. पैसे घेतले नाहीत. “वादळात मीपण होतो की,” म्हणाला. हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. वादळात तोही होता. खाली गुडघाभर पाण्यात, पंप तुंबू नये म्हणून हातानं कचरा काढत.

शुक्रवारी मामांनी त्याला विचारलं, मुलं किती. दोन मुली, म्हणाला. मोठी सातवीत. मामा म्हणाले, “शिकव. थांबवू नको.” शांतारामनं मान हलवली, आणि मला खरंच वाटलं की हे आता असंच चालणार. त्या दिवशी रात्रीच्या जेवणालाही तो टेबलाशीच बसला.

शनिवारी दुपारी रमाकांत शिडीवरून घसरला. हाड मोडलं नाही, पण घोट्याचा दुधी झाला. पाऊल टेकवेना. साहेबांनी औषध लावलं, पट्टी बांधली आणि चार दिवस पडून राहायला सांगितलं.

मी मामांच्या खोलीत गेलो तेव्हा ते पलंगाच्या कडेला बसून होते. मी म्हटलं, “रम्या नाही येत.”

“कळलं.”

“मग तिघं झालो.”

“ते पण कळलं.”  मग म्हणाले, “त्याला सांग राहू दे म्हणून. आपण दोघं जाऊ.”

“मामा, त्यानं सगळं केलंय. नारळ, वेळा...”

“मी नाय म्हणतो काय? पण तिघं जायचं नाय. तू बोलावलंस, तूच सांग.”

मी बाहेर आलो. डेकवर दोन चकरा मारल्या. शेवटी त्याच्या खोलीशी गेलो. मागच्या बाजूला, रंगाच्या कोठीला लागून त्याची एकट्याची खोली होती. अकरा महिन्यांत मी तिच्या उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो. दार उघडंच होतं. खाटेवर पांढरा शर्ट इस्त्री करून पसरला होता आणि तो जमिनीवर बसून बुटांना पॉलिश करत होता.

“रमाकांतचं कळलं,” तोच म्हणाला. “फार लागलंय काय?”

“मुरगळलाय.” मी दाराला टेकलो. “शांताराम, एक अडचण झालीय. आता आपण तिघं झालो. आणि मामांचं ते असतं ना, नवसाला तिघांनी...”

“जाऊ नये,” त्यानं पुरं केलं. “आमची आजी पण मानायची. आम्ही सोडलं ते सगळं. पण मामा मानतात तर मान ठेवायला पाहिजे.” तो थोडा वेळ ब्रश हातात धरून विचार करत राहिला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. “एवढंच ना? मग सुपारी घ्या की चौथी.”



त्यानं खाटेखालून एक पितळी डबा ओढला. आत कात, चुन्याची डबी, अडकित्ता, आणि पाच-सहा अख्ख्या सुपाऱ्या. त्यातली सगळ्यात गोल, सगळ्यात चांगली निवडून त्यानं ती शर्टाच्या बाहीनं पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

“तुझ्याकडे सुपारी होती?” मी विचारलं. 

“असते की नेहमी. जेवल्यावर खातो मी मागं जाऊन.”

“तीन दिवस आमच्यात बसलास. काढली नाहीस कधी.”

“कोण घेणार होतं?” तो साधेपणानं म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं.

मी ती सुपारी मुठीत धरून मामांकडे आलो. येताना वाटत होतं की सुटलो. मामांना चौथा हवा होता, चौथा मिळाला. मी मूठ उघडली. “घ्या. शांतारामनं दिली. आता मी, तुम्ही, तो, आणि ही.”

मामा सुपारीकडे बघत राहिले. हात पुढे केला नाही.

“याच्याकडे होती?”

“पहिल्यापासून.”

“मग आम्ही आठवडाभर...” ते थांबले. मला वाटलं आता ते हसतील आणि म्हणतील, बरं झालं, चला. त्यांच्या ओठांवर तसं काहीतरी आलंही होतं. पण ते उठले, दार लोटलं, आणि हळू आवाजात म्हणाले, “जना, चौघांत तो चौथा होता. चौथ्याकडे कोण बघत नाय. तिघांत तो तिसरा होतो. मी, तू आणि तो. एका बाकावर. नवसाला. उद्या गावात कळलं तर मी काय सांगू, सारंग कुणाला घेऊन देवाला गेला होता?”

“गावात कोण सांगणार?”

“रम्या सांगेल. त्याच्या जिभेला हाड नाय.”

“मामा, तुम्ही त्याला बस म्हणालात. टेबलाशी.”

“बस म्हणालो. ते जहाजावर.”

मी तिथं एवढंच म्हणायला हवं होतं की मग मीही येत नाही. चार शब्द. मामांनी मला समुद्रात फेकलं नसतं. फार तर पुढच्या जहाजाला माझं नाव दिलं नसतं, आणि तीच भीती होती. घरी आई, लग्नाची बहीण. मी उभा राहिलो आणि मान हलवली. सव्विसाव्या वर्षी मी इतका घाबरट होतो हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे त्यात फारसा फरक पडला असं नाही.

परत गेलो तेव्हा त्यानं बूट जोडीनं खाटेखाली ठेवले होते.

“काय म्हणाले मामा?”

“म्हणाले... नको.”

“सुपारी चालत नाही?”

“चालते.”

“मग?”

 काही थाप मारता आली असती. बोटीचं तिकीट, साहेबांची परवानगी, काहीही. पण मारली नाही.

“सुपारी चालते,” तो हळूहळू म्हणाला, “तर मग पहिल्यांदा मला कशाला बोलावलं होतं?”

मी मूठ उघडली. सुपारी तळहातावर होती, घामानं ओली. त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. चारचौघांत हसलेलं सगळं माझ्या तोंडावर लिहिलं असणार, कारण पुढे त्यानं एक शब्द विचारला नाही. सुपारी उचलली, डब्यातून अडकित्ता घेतला, आणि तिथंच, माझ्यासमोर, ती कातरली. बारीक, सावकाश. सगळी तोंडात टाकली.

“कागद मामांकडेच आहे,” तो चघळत म्हणाला. “बस साडेसहाची. धक्क्यावर उतरलात की डावीकडे वळा, उजवीकडचा रस्ता लांबचा आहे.”

रविवारी मी आणि मामा गेलो. कागदात लिहिलं होतं तसंच सगळं होतं. एकही बस चुकली नाही, एकही वळण चुकलं नाही. धक्क्यावर डावीकडे वळलो. चर्चच्या एका बाजूच्या खोलीत भिंतभर जहाजांची चित्रं होती. काही एवढी वाईट काढलेली की लाटा मेंढरांसारख्या दिसत होत्या. मामांनी बाहेर पायरीवर नारळ फोडला. एक म्हातारा झाडू घेऊन धावत आला, मामांनी हात जोडले, तो काहीतरी पुटपुटत करवंट्या झाडून निघून गेला. आधी विचारू नका, फोडा आणि मग माफी मागा. दर्यावर मासळी भाजून मिळाली. मामांना फोटो हवा होता म्हणून मी बोटीवर त्यांचा काढला, त्यांनी माझा काढला. बाकावर आम्ही दोघं बसलो होतो आणि येता-जाता मधे जागा राहिली होती. मामा दिवसभरात चार वाक्यंही बोलले नाहीत. त्यांनाही ते जड गेलं असेल. पण ते काही मी विचारलं नाही, आणि ते मेले तेव्हा तसेच मेले.

सोमवारी शांताराम दाराशी खोक्यावर बसून जेवला. वेगळ्या ताटात. फर्नांडिसनं टेबलावर मांडलेला चौथा कप परत नेला. मी म्हटलं, “ये ना, बस इकडे.” तो म्हणाला, “जेवा तुम्ही.” मुंबईला जहाज लागलं तेव्हा तो पेटी घेऊन उतरला. पुन्हा जहाजावर चढला नाही असं नंतर कानावर आलं.

पुढच्या मे महिन्यात मी त्याच्या गावी गेलो. चिपळूणच्या एसटी स्टँडवरून अर्ध्या तासावर. काय बोलायचं ते काही ठरवलं नव्हतं. पाकिटात गोझोचे फोटो होते. मामांचा एक, माझा एक, चर्चचे दोन. कशासाठी घेतले होते, देव जाणे.

शांताराम अंगणात विळ्याला धार लावत होता. मला बघून उठला, चकित झाला, पण तोंडावर दाखवलं नाही. “या,” म्हणाला. ओटीवर आणखी एक माणूस पेपर वाचत बसला होता. चष्मा, धुतलेला सदरा. हाच रघुनाथ मास्तर हे सांगायला नको होतं.

“कोण रे, शांता?”

“जहाजावरचे विलणकर.”

मास्तर पेपर टाकून उभे राहिले. “जना विलणकर? अहो या, या. बसा. तुमचं नाव रोज निघतं या घरात. गोझोची गोष्ट ऐकून ऐकून पोरींना पाठ झालीय.”

मी बसलो. शांतारामची बायको पाणी घेऊन आली. धाकटी मुलगी दाराआडून बघत होती. आणि मास्तर मलाच गोष्ट सांगायला लागले. साडेसहाची बस. पहिली बोट. चौघं एका बाकावर. धक्क्यावर सारंग उजवीकडे निघाले होते, शांतानं त्यांना डावीकडे वळवलं. मासळी खायची का भाजी, यावर कोण तो शिवलकर भांडला. चर्चपाशी सारंगांनी नारळ शांताच्याच हातात दिला, म्हणाले, तू आणलास, तूच फोड.

“मी याला एकदा फार बोललो होतो,” मास्तर म्हणाले. आवाज जरा खाली आला. “चार माणसांत. ते माझं चुकलं. सारंग ज्याच्या हातानं नवसाचा नारळ फोडतो तो माणूस काही... जाऊ द्या. पण फोटो आणलात का हो? हा म्हणतो फोटो तुमच्याकडे आहे.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायको, दाराआडची मुलगी, मास्तर. फक्त शांताराम विळ्याकडे बघत होता. पाकीट माझ्या छातीशी होतं आणि मला ते जाणवत होतं.

“रोल खराब झाला,” मी म्हटलं. “पाणी गेलं कॅमेऱ्यात.”

“अरेरे. पण चौघं होतात ना तुम्ही?”

“हो,” मी म्हटलं. “चौघं होतो.”

मास्तरांनी मान हलवली आणि चहा टाकायला सांगितला. मी चहा प्यायलो, पोरींची चौकशी केली, आणि उठलो. शांताराम मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.  थांब्यावर कुणी नव्हतं, गाडीला वेळ होता. मला वाटलं आता तो उपकार मानेल किंवा शिवी देईल. दोन्हीची तयारी केली होती.

“नारळ कसा निघाला?” त्यानं विचारलं.

“काय?”

“नारळ. चांगला होता का सडका? मी सांगतो चांगला म्हणून. पण मला माहीत नाही.”

“चांगला होता. पाणी गोड होतं.”

“आणि ती चित्रं? पोरी विचारतात कशी होती. मी भलतंच काहीतरी सांगतो.”

मी सांगितलं. खोली कशी होती, खिडकी कुठं होती, मेंढरांसारख्या लाटा, झाडूवाला म्हातारा. बोटीचा रंग सांगितला. मासळीवर लिंबू पिळून देतात तेही सांगितलं. तो एकेक गोष्ट मान हलवून घेत होता, मधेच पुन्हा विचारून पक्की करत होता. त्याला एवढं मन लावून ऐकताना बघून मी वाहवत गेलो. म्हटलं, “परत येताना बोटीवर वारं सुटलं होतं. मामा मधे बसले होते, आणि तू त्यांच्या उजव्या हाताला...”

“ते नको, विलणकर,” तो म्हणाला. “मी कुठे होतो ते मला माहीत आहे.”

वळणावर गाडीचा आवाज आला. त्यानं रस्त्यावर पुढे होऊन माझ्यासाठी हात दाखवून ती थांबवली आणि घराकडे वळला.